श्रमशक्तीचे आरोग्य : जंतसंसर्ग, स्लीप ॲप्निया आणि दिवसाची झोप

पोलाद कारखान्याच्या उत्पादनाचा हिशेब टनांत मांडला जातो आणि श्रमाचा हिशेब माणसांच्या संख्येत व तासांत. आठ तासांच्या पाळीत कामगार किती वेळ खऱ्या अर्थाने जागा आणि सावध होता, याची नोंद मात्र कोणत्याही हजेरीपटात होत नाही. अर्थशास्त्रात गैरहजेरीचा अभ्यास बराच झाला आहे. कामावर हजर असूनही क्षमतेपेक्षा कमी काम होणे हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिला. आजारी कामगार घरी राहिला तर त्याचा खाडा दिसतो. तो कामावर येऊन पेंगत राहिला तर त्याला आळशी ठरवले जाते आणि कारणाचा शोध तेथेच थांबतो.

दिवसा येणाऱ्या अशा झोपेमागे दोन अगदी भिन्न कारणे असू शकतात. एक आहे स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडण्याचा विकार. दुसरे आहे दीर्घकाळ टिकून राहिलेला जंतसंसर्ग आणि त्यातून येणारा रक्तक्षय. पहिला सुखवस्तू, स्थूल, शहरी माणसाचा आजार समजला जातो आणि दुसरा अनवाणी चालणाऱ्या गरिबाचा. प्रत्यक्षात हे दोन्ही एकाच माणसात असू शकतात आणि तेव्हा एकावरील उपचाराने झोप जात नाही. या दोन आजारांचे स्वरूप, त्यांचा उत्पादकतेशी असलेला संबंध आणि आपल्या आरोग्य कार्यक्रमांत राहून गेलेली एक पोकळी यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

भिलाईचे उदाहरण

या विवेचनासाठी छत्तीसगडमधील भिलाई हे ठिकाण सोयीचे आहे. तत्कालीन सोव्हिएत संघाच्या सहकार्याने येथे पोलाद कारखाना उभारण्याचा करार १९५५ मध्ये झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबरच सेक्टरांत विभागलेली कामगार नगरी वसली. सेक्टर ६ हा त्याच नगरीचा भाग आहे. पक्की घरे, नळाचे पाणी, बंदिस्त मलनिस्सारण आणि सेक्टर ९ मधील मोठे रुग्णालय ही या नगरीची वैशिष्ट्ये होत. मुंबई-हावडा लोहमार्गावर वसलेल्या या गावात देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही होती.

नगरीच्या बाहेर मात्र भाताचा प्रदेश सुरू होतो. छत्तीसगडला ‘धानाचे कोठार’ म्हटले जाते, ते याच मैदानामुळे. दुर्ग आणि आसपासच्या जिल्ह्यांतील खेड्यांतून कंत्राटी कामगार रोज कारखान्याकडे येतात. नगरीतला कायम कामगार आणि खेड्यातला कंत्राटी कामगार एकाच पाळीत काम करतात. पाळी सकाळी सहाची असो, दुपारी दोनची असो वा रात्री दहाची. दोघांच्या कामाची वेळ एक असली तरी त्यांच्या घराभोवतालची जमीन, पाणी आणि शौचाची व्यवस्था वेगळी असते. दिवसाच्या झोपेची कारणेही त्यामुळे वेगळी असू शकतात.

तीन कामगारांची उदाहरणे घेऊ. ही उदाहरणे काल्पनिक असून केवळ विवेचनासाठी आहेत. कामगार ‘अ’ सेक्टर ६ मध्ये राहणारा, पन्नाशीचा, वजन ९२ किलो, क्रेनचालक. तो रात्री मोठ्याने घोरतो आणि दुपारी बसल्याजागी त्याचे डोळे मिटतात. कामगार ‘ब’ तिशीचा, सडपातळ, खेड्यातून येणारा कंत्राटी मजूर. ओझे उचलताना त्याला धाप लागते आणि विश्रांतीच्या वेळी तो आडवा होतो. कामगार ‘क’ हाही सेक्टर ६ चाच रहिवासी, स्थूल आणि घोरणारा. परंतु त्याचे मूळ गाव भंडारा जिल्ह्यात असून दर पावसाळ्यात रोवणीसाठी तो तेथे जातो आणि पंधरा-वीस दिवस अनवाणी चिखलात उभा राहतो. तिघांचीही तक्रार एकाच शब्दात येते : ‘सुस्ती’.

स्लीप ॲप्निया म्हणजे काय?

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. ज्यांच्या घशातील वाट मुळातच अरुंद असते किंवा मानेभोवती चरबी साठलेली असते, त्यांची श्वासाची वाट अशा वेळी पूर्ण किंवा अंशतः बंद होते. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास अडला की तो एक प्रसंग मोजला जातो. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घशाचे स्नायू ताणले जातात आणि मोठ्या घोरण्यासह श्वास पुन्हा सुरू होतो. हे रात्रभर चालते. सकाळी माणसाला यातले काहीच आठवत नाही. तासाला पाचपेक्षा कमी प्रसंग सामान्य मानले जातात. पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तीसपेक्षा अधिक प्रसंग तीव्र विकाराचे निदर्शक आहेत.

हा विकार भारतात विरळा नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी आरोग्य तपासणीसाठी आलेल्या मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास केला. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. झोपेतील श्वसनदोष १९.५ टक्के पुरुषांत, तर दिवसाच्या झोपेसह पूर्ण विकार ७.५ टक्के पुरुषांत असल्याचा अंदाज त्यात मांडला आहे. विविध भारतीय अभ्यासांचा २०२३ मध्ये एकत्रित आढावा घेण्यात आला, त्यात प्रौढांमधील हे प्रमाण सुमारे ११ टक्के असल्याचे दिसून आले. पुरुषांत ते स्त्रियांपेक्षा बरेच अधिक आहे.

उपचारांत सर्वांत परिणामकारक ठरलेला उपाय म्हणजे नाकावरील मुखवट्यातून हवेचा सततचा दाब देऊन घशाची वाट उघडी ठेवणारे यंत्र. सिडनीचे कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. ‘सीपॅप’ या नावाने ती आज परिचित आहे. वजन घटविणे, मद्य टाळणे आणि कुशीवर झोपणे यांचाही उपयोग होतो. विकाराकडे दुर्लक्ष केल्यास उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि वाहन किंवा यंत्रावरील अपघात यांचा धोका वाढतो.

झोप आणि थकवा यांतील फरक

येथे विद्यार्थ्यांनी एक भेद स्पष्टपणे लक्षात घ्यावा. झोप येणे आणि थकवा वाटणे या एकच गोष्टी नाहीत. झोपाळू माणूस संधी मिळताच झोपी जातो. थकलेला माणूस आडवा होतो, पण त्याला झोप लागेलच असे नाही. त्याची शक्ती अपुरी पडत असते. मेलबर्नचे मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये तयार केलेली एपवर्थ झोपाळूपणा मापनश्रेणी हा भेद करण्यास मदत करते. वाचताना, दूरदर्शन पाहताना, प्रवासात अशा आठ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, यास शून्य ते तीन गुण द्यावयाचे असतात. एकूण २४ पैकी दहापेक्षा अधिक गुण आले तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर आहे असे समजतात.

आपल्या बोलीत मात्र हा भेद राहत नाही. ‘अंग जड झाले’, ‘डोळे मिटतात’, ‘सुस्ती आली’ हे शब्द दोन्ही अवस्थांना लागू पडतात. चौकशी वरवरची झाली तर घोरणाऱ्या स्थूल माणसाचा रक्तक्षय नजरेआड होतो आणि सडपातळ मजुराची ‘झोप’ आळसाच्या खात्यात जमा होते.

जंतसंसर्ग : लोहाचा जमाखर्च

मातीतून पसरणाऱ्या जंतांचे तीन मुख्य प्रकार आहेत : गोलकृमी, चाबूककृमी आणि अंकुशकृमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे दीडशे कोटी लोकांना यांपैकी कोणत्या ना कोणत्या जंतांचा संसर्ग आहे. रक्तक्षयाच्या दृष्टीने अंकुशकृमी सर्वांत महत्त्वाचा होय. उघड्यावर केलेल्या शौचातून त्याची अंडी ओलसर, सावलीच्या मातीत पडतात. त्यांतून निघालेल्या अळ्या अनवाणी पायांच्या त्वचेतून शरीरात शिरतात, रक्तातून फुप्फुसांत पोहोचतात, तेथून घशात येऊन गिळल्या जातात आणि अखेर लहान आतड्याला चिकटून रक्त शोषू लागतात. तेथे त्या एक ते पाच वर्षे जगू शकतात. भाताच्या बांध्या आणि तळ्याचे काठ या चक्रास अनुकूल असतात.

आता थोडा हिशेब करू. नेकेटर जातीचा एक अंकुशकृमी दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलीटर रक्ताची हानी करतो. ॲन्किलोस्टोमा जातीचा कृमी याच्या कित्येक पट. नेकेटरचे शंभर कृमी असलेल्या माणसाची हानी दिवसाला ३ मिलिलीटर, महिन्याला ९० मिलिलीटर आणि चार महिन्यांत ३६० मिलिलीटर होते. रक्तपेढीत एका वेळी साधारणतः ३५० मिलिलीटर रक्त घेतले जाते. म्हणजे हा माणूस दर चार महिन्यांनी नकळत एक रक्तदान करीत असतो आणि ते वर्षानुवर्षे चालू राहते. भातावर आणि थोड्या भाजीवर जगणाऱ्याच्या आहारातून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच लोह शरीरात शोषले जाते. खर्च जमेपेक्षा वाढला की शरीर साठ्यातील लोह वापरते. साठा संपल्यावर हिमोग्लोबिन घसरू लागते. प्रौढ पुरुषात हिमोग्लोबिन प्रति डेसिलीटर १३ ग्रॅमपेक्षा कमी आणि गर्भवती नसलेल्या स्त्रीत १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानतात.

धोरणाच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. गोलकृमीचा भार शालेय वयात सर्वाधिक असतो आणि पुढे कमी होतो. अंकुशकृमीचे तसे नाही. त्याचा भार वयाबरोबर वाढत जातो आणि प्रौढपणीही टिकून राहतो. म्हणजेच तो कमावत्या वयाचा आजार आहे.

दोन्ही कारणे एकत्र आल्यास

आता कामगार ‘क’ कडे वळू. त्याला स्लीप ॲप्निया आहे, म्हणून यंत्र दिले गेले. घोरणे थांबले, श्वास अडण्याचे प्रसंग तासाला पाचच्या खाली आले. तरीही दुपारची सुस्ती कायम राहिली. यंत्राचा नियमित वापर करूनही काही रुग्णांची दिवसाची झोप पूर्णपणे जात नाही, हे वैद्यकशास्त्राला परिचित आहे. अशा वेळी अपुरी झोप, पाळीचे काम, नैराश्य, थायरॉइडची कमतरता, औषधांचे परिणाम आणि रक्तक्षय या कारणांचा शोध घ्यावा लागतो. आपल्या देशात या यादीत जंतसंसर्गालाही स्थान असले पाहिजे.

संबंध कोणत्या मार्गांनी येतो? पहिला मार्ग प्राणवायूच्या वहनाचा. स्लीप ॲप्नियात रात्री प्राणवायूचा पुरवठा खंडित होतो. रक्तक्षयात प्राणवायू वाहून नेणारी व्यवस्थाच तोकडी पडते. दोन्ही एकत्र आल्यास शरीरावरील ताण वाढतो. दुसरा मार्ग लोहाचा. लोहाच्या कमतरतेचा संबंध पायांच्या अस्वस्थतेच्या विकाराशी आहे. यात रात्री पाय हलविण्याची अनावर इच्छा होते आणि झोप मोडते. घोरणे थांबूनही झोप मोडतच राहिली तर दिवस जड जाणारच. तिसरा मार्ग आतड्याच्या दीर्घ आजाराचा. नॉर्वेतील बर्गन शहरात २००४ मध्ये पिण्याच्या पाण्यातून जिआर्डिया या परजीवीची साथ आली. लागण झालेल्यांची तीन वर्षांनी पाहणी केली असता सुमारे ४६ टक्के लोकांनी दीर्घकालीन थकव्याची तक्रार केली. तुलनेसाठी निवडलेल्या गटात हे प्रमाण १२ टक्के होते. परजीवी नाहीसा झाला तरी थकवा मागे राहू शकतो, असे यावरून दिसते.

याबरोबरच पुराव्याची मर्यादाही नमूद केली पाहिजे. जंतांमुळे स्लीप ॲप्निया होतो असे सिद्ध झालेले नाही. शरीरातील दाह वाढविणारी काही प्रथिने झोप आणतात, हे खरे आहे. परंतु आतड्यातील जंत अनेकदा यजमानाचा दाह वाढविण्याऐवजी दाबून ठेवतात. त्यामुळे ‘जंत, म्हणून दाह, म्हणून झोप’ अशी सरळ साखळी मांडणे योग्य ठरणार नाही. येथे मांडलेला मुद्दा मर्यादित आहे : दोन प्रचलित आजार एका व्यक्तीत एकत्र येऊ शकतात आणि त्यांची लक्षणे एकमेकांना झाकतात.

परजीवी आणि झोप यांचा थेट संबंध दाखविणारा आजार म्हणजे आफ्रिकेतील निद्रारोग. त्सेत्से माशीमुळे पसरणारा ट्रिपॅनोसोमा हा परजीवी मज्जासंस्थेत शिरून झोपेचे चक्रच उलटेपालटे करतो. ही माशी भारतात नाही. मात्र गुराढोरांना ‘सर्रा’ हा रोग जडविणाऱ्या ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी या जातीचा मानवातील संसर्ग महाराष्ट्रातील चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्यात आढळला आणि त्याचा वृत्तांत २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरामिन या औषधाने रुग्ण बरा झाला. या परजीवीचा नाश करणारे एक प्रथिन मानवी रक्तात असते. रुग्णाच्या रक्तात ते नव्हते, असे पुढील संशोधनात स्पष्ट झाले. ही घटना अपवादात्मक होती आणि परजीवी मज्जासंस्थेपर्यंत पोहोचल्याचे आढळले नाही. परीक्षेच्या दृष्टीने हा भेद ध्यानात ठेवावा : निद्रारोगात परजीवी थेट मेंदूवर आघात करतो, तर अंकुशकृमी रक्त आणि लोह यांच्या द्वारे अप्रत्यक्ष परिणाम घडवितो.

उत्पादकतेचा पुरावा

अंकुशकृमी आणि श्रम यांचा संबंध प्रथम बोगद्यात उघड झाला. आल्प्स पर्वतातील गोत्थार्ड रेल्वे बोगद्याचे काम १८७२ ते १८८२ या काळात चालले. तेथील मजूर मोठ्या संख्येने फिकट पडून दुर्बल झाले. त्यामागे अंकुशकृमी असल्याचे तुरीनचे एदोआर्दो पेरोनचितो यांनी १८८० मध्ये दाखवून दिले.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत हा जंत इतका पसरला होता की वृत्तपत्रांनी त्याला ‘आळसाचा जंतू’ असे नाव दिले. तेथे १९०९ मध्ये रॉकफेलर स्वच्छता आयोग स्थापन झाला. त्याच्या पाहणीत सुमारे ४० टक्के शालेय मुले बाधित आढळली. औषधोपचार आणि शौचालयांची मोहीम हाती घेण्यात आली. होईट ब्लीकली या अर्थशास्त्रज्ञाने २००७ मध्ये या मोहिमेच्या दीर्घकालीन परिणामांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बालपणी सतत संसर्ग असलेल्या व्यक्तीचे प्रौढपणीचे वेतन सुमारे ४३ टक्क्यांनी कमी राहते, असा त्याचा अंदाज आहे.

प्रौढ मजुरांविषयीचा पुरावा इंडोनेशियातून मिळतो. तेथील रबर मळ्यांतील मजुरांचा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. अंकुशकृमीचा प्रसार असलेल्या या मजुरांत रक्तक्षयी मजूर निरोगी मजुरांपेक्षा कमी चीक गोळा करीत. साठ दिवस लोहाच्या गोळ्या दिल्यावर त्यांचे उत्पादन निरोगी मजुरांच्या बरोबरीला आले. ज्यांना आळशी समजले जात होते त्यांच्या उत्पन्नात फरक पडला तो काही मिलिग्रॅम लोहाने.

केनियातील शाळांविषयी एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास विद्यार्थ्यांना ठाऊक असेल. क्रेमर यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. जंतनाशक गोळ्यांमुळे शाळेतील गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली आणि गोळी न घेतलेल्या शेजारच्या मुलांनाही लाभ झाला, असा त्याचा निष्कर्ष होता. एकाच्या उपचाराने मातीतील अंडी घटतात आणि दुसऱ्याचा धोका कमी होतो. यालाच अर्थशास्त्रात सकारात्मक बाह्यता म्हणतात. या अभ्यासाच्या आकडेवारीची २०१५ मध्ये फेरतपासणी झाली आणि सरसकट गोळ्या वाटण्याच्या परिणामकारकतेवर मोठा वाद झाला. सामूहिक औषधवाटपाचे सरासरी लाभ किती यावर मतभेद आहेत. रक्तक्षय असलेल्या बाधित व्यक्तीवर उपचार करावा की नाही, यावर मतभेद नाहीत. उत्तर लिहिताना हा फरक जपावा.

छत्तीसगडचा अनुभव

राष्ट्रीय जंतनाशक दिन फेब्रुवारी २०१५ पासून सुरू झाला. १ ते १९ वर्षे वयोगटाला फेब्रुवारी आणि ऑगस्ट या महिन्यांत शाळा व अंगणवाड्यांमधून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. दोन वर्षांवरील मुलांना मात्रा ४०० मिलिग्रॅम, तर एक ते दोन वर्षांच्या बालकांना २०० मिलिग्रॅम असते. केंद्र शासनाने दिलेल्या माहितीनुसार छत्तीसगडमधील जंतसंसर्गाचे प्रमाण २०१६ मधील ७४.६ टक्क्यांवरून २०१८ मध्ये १३.९ टक्क्यांवर आले. इतकी मोठी घट ही सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रातील उल्लेखनीय गोष्ट आहे.

परंतु या यशाशेजारी दुसरा आकडा ठेवून पाहावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार छत्तीसगडमधील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमधील रक्तक्षयाचे प्रमाण चौथ्या फेरीत (२०१५-१६) ४७ टक्के होते. ते पाचव्या फेरीत (२०१९-२१) ६०.८ टक्के झाले. जंतांचे प्रमाण घटत असताना रक्तक्षय वाढलेला दिसतो. यावरून दोन धडे घ्यावयाचे आहेत. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत : आहार, मलेरिया, सिकलसेल, बाळंतपणे. केवळ गोळीने तो जाणार नाही. दुसरे असे की जंतनाशक मोहीम मुलांसाठी आहे. मुलांमधील यशावरून प्रौढांची स्थिती गृहीत धरता येत नाही.

धोरणातील पोकळी

प्रौढ पुरुष नेमका याच ठिकाणी निसटतो. जंतनाशक दिनाची वयोमर्यादा १९ वर्षांची आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमातील सहा लाभार्थी गटांत बालके, किशोरवयीन मुले-मुली, प्रजननक्षम वयातील स्त्रिया, गर्भवती आणि स्तनदा माता येतात. प्रौढ पुरुषांचा गट त्यात नाही. पाचव्या पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, म्हणून त्यांना अग्रक्रम देणे न्याय्यच आहे. परंतु त्याच वयोगटातील २५ टक्के पुरुषही रक्तक्षयी आहेत. दर चार कमावत्या पुरुषांत एक, असा याचा अर्थ होतो. जागतिक आरोग्य संघटनेने जंतनाशक उपचारांच्या संदर्भात चहामळ्यांतील मजूर आणि खाणकामगार यांसारख्या जोखमीच्या व्यवसायांतील प्रौढांचाही उल्लेख केला आहे. भातशेतीत राबणारा आणि उरलेले महिने कारखान्यात काम करणारा मजूर याच न्यायाने विचारात घ्यावयास हवा.

स्लीप ॲप्नियाच्या बाबतीत पोकळी वेगळी आहे. त्याचे निश्चित निदान रात्रभराच्या तपासणीने होते. ही सोय मुख्यतः मोठ्या रुग्णालयांत मिळते आणि यंत्राची किंमत कंत्राटी मजुराच्या आवाक्याबाहेर असते. म्हणजे एका आजाराचा स्वस्त उपाय प्रौढापर्यंत पोहोचत नाही, तर दुसऱ्याचा उपाय गरिबाला परवडत नाही.

काय करता येईल?

खर्चाच्या दृष्टीने विचार केल्यास तपासण्यांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. स्वस्त तपासणी आधी आणि महाग तपासणी नंतर, हे साधे तत्त्व आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. या श्रमसुधारणांत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांच्या वार्षिक मोफत आरोग्य तपासणीची तरतूद आहे. या तपासणीत पुढील गोष्टींचा समावेश करता येईल :

१. एपवर्थ श्रेणीचे आठ प्रश्न, तसेच घोरणे व झोपेत श्वास अडणे यांविषयी कुटुंबीयांकडे चौकशी.

२. वजन, मानेचा घेर आणि रक्तदाब यांचे मोजमाप.

३. हिमोग्लोबिन चाचणी. रक्तक्षय आढळल्यास शौचाची तपासणी आणि जंतनाशक औषधाबरोबर लोहाचा उपचार.

४. क्रेन, भट्टी आणि अवजड वाहने यांवरील कामगारांना निद्रातपासणीत अग्रक्रम.

५. कंत्राटी कामगारांना आणि शेतीच्या हंगामात गावी जाणाऱ्यांना वयाची अट न लावता हिमोग्लोबिन चाचणीत सामावून घेणे.

केवळ औषध पुरेसे नाही. माती दूषित राहिली तर काही महिन्यांत पुन्हा संसर्ग होतो. शौचालयांचा प्रत्यक्ष वापर, पायांत पादत्राणे आणि सुरक्षित पाणी यांची जोड आवश्यक आहे. तसेच रक्तक्षय आढळला म्हणून स्लीप ॲप्नियाची शंका सोडून देऊ नये आणि घोरणे आढळले म्हणून रक्ततपासणी टाळू नये. रात्रपाळी करणाऱ्याला दिवसा सलग झोप मिळते का, हा प्रश्नही विचारलाच पाहिजे. शरीराचे घड्याळ पहाटेच्या प्रहरी निरोगी माणसालाही झोपेकडे ओढते.

वरील तीन कामगारांना हा क्रम लावून पाहावा. ‘अ’ ची नोंद पहिल्या दोन टप्प्यांवर होईल आणि तो निद्रातपासणीकडे जाईल. ‘ब’ तिसऱ्या टप्प्यावर सापडेल आणि अल्प खर्चात कामाला उभा राहील. ‘क’ दोन्ही ठिकाणी सापडेल. आजच्या व्यवस्थेत त्याचे अर्धे निदान होते. ‘ब’ चे तर निदानच होत नाही, त्याला केवळ ताकीद मिळते.

समारोप

मानवी भांडवलाची चर्चा करताना शिक्षण आणि कौशल्य यांवर भर दिला जातो. शिकलेला, कुशल माणूस पाळीभर सावध राहू शकतो हे त्या चर्चेत गृहीत धरलेले असते. सावधपणा हासुद्धा भांडवलाचाच एक घटक असून तो रात्रीच्या श्वासावर आणि रक्तातील लोहावर अवलंबून आहे. वितळलेल्या पोलादाची बादली वाहून नेणाऱ्या क्रेनवर बसलेल्या माणसाची एक डुलकी ही त्याच्यासाठी आणि खाली काम करणाऱ्यांसाठी जिवाची बाब आहे. त्या डुलकीचे कारण शोधणे हे आरोग्य खात्याइतकेच श्रम व उद्योग खात्यांचेही काम आहे. कामगाराला आळशी ठरविण्यापूर्वी त्याचे हिमोग्लोबिन पाहावे आणि तो रात्री कसा झोपतो हे विचारावे, एवढा नियम जरी रूढ झाला तरी मोठा पल्ला गाठला जाईल.

सरावासाठी प्रश्न

१. गैरहजेरी आणि हजर असूनही होणारी उत्पादकतेची हानी यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करा.

२. अंकुशकृमीच्या संसर्गातून रक्तक्षय कसा उद्भवतो? रक्ताच्या व लोहाच्या जमाखर्चाच्या आधारे विवेचन करा.

३. सकारात्मक बाह्यता म्हणजे काय? जंतनाशक मोहिमेच्या संदर्भात चर्चा करा.

४. छत्तीसगडमध्ये जंतसंसर्ग घटूनही रक्तक्षय वाढलेला का दिसतो? संभाव्य कारणे लिहा.

५. ‘आरोग्य कार्यक्रमांत प्रौढ पुरुष कामगार दुर्लक्षित राहतो.’ या विधानाचे परीक्षण करून उपाययोजना सुचवा.